ग्लेनिसची केबल

मंगळवार, संध्याकाळ. हॉर्नबी.

जेवण गेलंच नाही. ग्लेनिसचे गुडघे डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

सकाळी नवीन पॅकिंग मशीन लॅपटॉपला जोडत होतो. किती वेळा पिंग केलं, म्हणजे लॅपटॉपवरून मशीनला हाक मारून पाहिली, मशीनकडून उत्तरच येईना. मी बेधडक सांगून टाकलं, "केबल खराब आहे." ती केबल आमच्या इलेक्ट्रिशियनने, ग्लेनिसने, कालच टाकलेली. साठीची बाई. गुडघे टेकून मशीनखाली शिरली आणि दोन तास खपून दुसरी केबल ओढली. मग हात धुवायला गेली. मी पुन्हा पिंग केलं. तरी उत्तर नाही! तेव्हा कुठे लॅपटॉपचा आयपी अ‍ॅड्रेस नीट पाहिला. एक आकडा मीच चुकीचा टाकला होता. गुपचूप बदलला. लगेच उत्तर आलं.

ती परत आली, गुडघा चोळत. स्क्रीन बघून म्हणाली, "सॉरी मेट, माझीच केबल खराब होती तर."

तेव्हा तरी बोलायचं ना! एका वाक्याचं काम. एवढा कसला मान जाणार होता माझा?

आणि मी काय म्हणालो? तिला माफ केल्यासारखं, "नो वरीज."