भाऊबंदांचं विमान, व्याह्यांचं विमान

प्रिय रत्नपाल,

जय भीम. पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला की तुझी सून अनुष्का स्पीकर लावते, मग मला नुसतं गुडघेदुखीवर बोलावं लागतं. जुन्या इंदूरहून इथल्या इथे राऊला पत्र म्हणजे हद्द झाली, पण काय करू. तर ऐक, फेब्रुवारीत मी परत संबोधीकडे जर्मनीला चाललेय, आणि या वेळी एकटी जायचं नाही असं ठरवलंय.

हसू नकोस, पण मी आता विमानवाल्यांची गोल्ड मेंबर आहे. सातवीत भूगोलात तुझा पेपर बघून पास झालेली मी! लेकीने तीन वर्षं एकाच कंपनीची तिकिटं काढली, मैल जमत गेले, कार्ड आलं. गंमत अशी की त्या कंपनीची आणखी वीस-पंचवीस कंपन्यांशी अलायन्स आहे, मतलब सगळे भाऊबंद. कार्ड एका घरचं, पण मान सगळ्यांच्या घरी. लाइन वेगळी, बॅग एक जास्त, आणि लाउंजमध्ये बसून फुकट खायचं. पोहे नसतात रे, आणि कॉफी इतकी कडू की आमच्या ह्यांचा स्वभाव आठवतो.

मागच्या वेळी मात्र फजिती झाली. येताना संबोधीने एका दुसऱ्याच कंपनीचं स्वस्त तिकीट काढलं. त्यावरही मैल मिळतात म्हणाली, म्हणून मी ऐटीत कार्ड काढून लाउंजच्या दारात उभी. काउंटरवरची पोरगी दिल्लीकडची. कार्ड बघून म्हणते, आंटीजी, ये तो सिर्फ पार्टनर है. मी म्हटलं, बेटा, पार्टनर को गए पाँच साल हो गए, अकेली ही हूँ. बिचारी खुर्चीतून उठलीच, सॉरी सॉरी करत पाणी घेऊन आली. मला कळेना, तिकिटाच्या गोष्टीत हिने आमच्या ह्यांना मध्ये कुठून आणलं! मग तिनेच समजावलं की ही कंपनी अलायन्समध्ये नाही, नुसती पार्टनर आहे. तेव्हा उजेड पडला. पार्टनर म्हणजे व्याही. आहेर करतील, मैल देतील, पण स्वयंपाकघरात शिरू देणार नाहीत.

मग काय, दोन तास बाहेरच्या बाकावर बसून पर्समधली शेव खाल्ली. एवढा मोठा जोक झाला आणि सांगायला शेजारी कोणी नाही. घरी येऊन संबोधीला फोनवर सांगितला, तर ती रडायलाच लागली. तू असतास तर खोखो हसला असतास, मला पक्कं माहीत आहे.

रत्नपाल, वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली. तू हौसेने काढलेला पासपोर्ट कपाटात कोरा पडलाय. माझ्या कार्डावर लाउंजमध्ये एक माणूस सोबत नेता येतो. अट एवढीच की त्याचंही तिकीट त्याच दिवशीच्या भाऊबंदांच्या विमानाचं हवं. संबोधीला सांगून टाकलंय की या वेळी कोणाला तरी घेऊन येतेय. तिने तुझं नाव बरोबर ओळखलं. मग हळूच विचारलं, आई, खोली पाहुण्याची लावू की घरच्या माणसाची? मी म्हटलं, थांब, त्यालाच विचारून सांगते.

तर विचारतेय.

तू म्हणशील तर तुझीच,
मंजुळा