शालूवरचा ब्लाउज

आत्याबाई,

मी सकाळच्या गाडीनं जेऊरला माहेरी जातेय. हळदीला आलेल्या बायकांनी थोरली सून कुठं म्हणून विचारलं, तर बरं नाही म्हणून सांगा.

सगळ्यांचे ब्लाउज कपाटात आहेत. तुमच्याला हूक पुढून लावलेत, मागचे तुम्हाला जमत नाहीत. टाचण्या लोहचुंबकाला चिकटवल्यात, पोरांच्या पायात जायला नकोत. माझ्या कात्रीनं कुणाला हाराचे दोरे कापू देऊ नका, कापड कापायची धार जाते.

नवरीचा शालूवरचा ब्लाउज वेगळ्या पिशवीत आहे. आत शिलाईला जादा कापड सोडलंय, पुढं अंगानं भरली तर सैल करता येईल.

काल तुम्ही पाहुण्यांदेखत म्हणालात, "हळदीला तुजा हात नको लागाय, तू आपली आतच बस की." तुमचा थोरला लेक गेल्यापासून मी आतच बसलेय, मशीनवर.

त्या ब्लाउजला मात्र गळ्यापासून बाहीपर्यंत माझाच हात लागलाय. टाके उसवायचं लाल मुठीचं हत्यार पिशवीतच ठेवलंय. माझ्या सामानात तेच माझं सगळ्यात लाडकं. कापडाला जराही धक्का लागत नाही. मुहूर्ताआधी उसवून घ्या.

ऋतुजा