घरात कोणाला होतं का?

सायखेडा,
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रतिभा हिस,

उज्वलाताईचे आशीर्वाद. येवल्याला तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग. आमच्याकडे सगळं ठीक. कांद्याची लागवड उरकली. हर्षलचं अंग कसं आहे? थंडीत कोपराच्या आतल्या बाजूला जास्त खाजतं. आंघोळ झाल्या झाल्या मलम लावत जा. तू लावतच असशील म्हणा.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय.

मागच्या आठवड्यात नाशिकला जाऊन आले. सोमनाथने बहीण म्हणून मला फोन केला होता. हर्षलच्या डॉक्टरबाई लहान मुलांचं रक्त तपासून अभ्यास करतायत, त्यांना अ‍ॅलर्जी नसलेली चार-पाच वर्षांची मुलंही हवी होती. मी लगेच माझ्या तृप्तीला न्यायचं कबूल केलं. खरं सांगते, हर्षलसाठी नाही. तृप्तीचं रक्त चांगलं निघालं म्हणजे माझ्या माहेरच्या घराण्यात काही नाही हे सिद्ध होईल, असं डोक्यात होतं.

बाईंनी नीट समजावलं. "रोगाशी लढणाऱ्या पेशी सगळ्यांच्या रक्तात असतात. हर्षलसारख्या मुलांमध्ये त्या अंड्याला, धुळीलाच शत्रू समजतात. असं का होतं, हे कळायला दोन्ही प्रकारची मुलं तपासावी लागतात." मग फॉर्म भरायला घेतला. घरात कोणाला दमा, खाज, सततच्या शिंका होत्या का? तृप्तीचे पप्पा म्हणाले, "आमच्याकडे नाही." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हणाले.

नर्सने तृप्तीच्या दंडाला रबर बांधलं. तृप्तीने विचारलं, "हर्षललापण टोचलं?" बाई म्हणाल्या, "तीनदा. रडला नाही तो."

मी म्हणाले, "थांबा, फॉर्म चुकलाय."

प्रतिभा, मला दमा होता. आठ वर्षांची होईपर्यंत. अंगावर चट्टेही होते, हर्षलसारखेच. दर हिवाळ्यात आई मला घोटीला मामाकडे ठेवायची, लोकांना सांगायची, हिला शिकायला पाठवलंय. सोमनाथ तेव्हा पाळण्यात होता, त्याला काही माहीत नाही. लग्न ठरताना आईने शपथ घातली आणि मी ती आजवर पाळली. दिवाळीत हर्षलचा चेहरा सुजला, तेव्हा सगळ्यांसमोर मीच म्हणाले, "हे येवल्याकडून आलंय." तू भरलं ताट सोडून उठलीस आणि माहेरी गेलीस, तेव्हाही मी गप्प बसले.

बाई म्हणाल्या, नक्की कुठून आलं हे सांगता येत नाही, आणि यात दोष कोणाचाच नसतो. पण आईलाच दमा होता म्हणून तृप्तीला त्यांनी अ‍ॅलर्जी नसलेल्या मुलांच्या गटात घेतलं नाही. गाडीत तिचे पप्पा म्हणाले, "दहा वर्षं कांदा साठवायच्या चाळीत तोंडाला फडकं बांधतेस, मला वाटायचं वासामुळे." एवढंच.

सोमनाथला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "हे मला नको, प्रतिभाला सांग." आई माझ्याशी बोलत नाही. तिचं तिच्यापाशी.

येत्या रविवारी सोमनाथ तुला न्यायला येतोय. मी बरोबर येणार नाही. तू यावंस की नाही, हे मी सांगणं बरं दिसत नाही. आलीस तर दिवाळीत जे जे लोक घरी होते, त्या प्रत्येकाला मी तुझ्यासमोर हे सांगेन. नाही आलीस तरी सांगेनच.

तुझ्या माहेराला नाव ठेवून स्वतःचं माहेर झाकणारी,
उज्वला