आठ इंची भिंग

२१ ऑक्टोबर १९५६
राष्ट्रापुढे प्रश्न पुष्कळ आहेत, पण माझ्या मानेचा विचार कोणीच करत नाही! धाकटे बंधू प्रकाश जर्मनीहून मुलाचे फोटो पाठवतात — कागदावर नव्हे, पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या नखाएवढ्या फिल्मवर. खिडकीशी धरायचे, मान वाकडी करायची. तीन दिवस वाकडाच चालतोय.
माई म्हणते, "मला नुसता काळा ठिपका. एकदा नातवाचा चेहरा मोठा करून दाखव रे श्रीधर, मग डोळे गेले तरी चालतील." मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला तयार नाही.
बंधू लिहितात, प्रोजेक्टर घ्या. सल्ला पाठवला, प्रोजेक्टर नाही.

२८ ऑक्टोबर
प्रोजेक्टर आणायला देवास गेटच्या स्टँडवरून बसनं इंदूर. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, कमरा कितना लंबा है?" मी म्हटलं, मशीन बेच रहे हो कि मकान किराये पे ले रहे हो?
खोली मोजलीच नव्हती. घरात टेप आहे — समोरच्या भय्यासाहेबांची. ओव्हरसियर. तीन वर्षांपूर्वी मागून आणली. मग मी साप्ताहिकातल्या माझ्या विनोदी सदरात त्यांच्यावर 'न बांधलेला पूल मोजणारे गृहस्थ' लिहिलं आणि बोलणं संपलं. ती टेप हातात घ्यायची? छट्!
भिंगं दोन. चार इंची आणि आठ इंची. "छोटे कमरे में चार ही ठीक." ओळखतो असल्यांना! आठ इंची आणलं. मोठं भिंग, मोठं चित्र.

२९ ऑक्टोबर
चित्र जेमतेम पाटाएवढं! भिंगाचा आकडा मोठा तितकं मशीन लांब ठेवावं लागतं म्हणे. मागे सरकता सरकता माझी पाठ भिंतीला लागली.

३० ऑक्टोबर
बरोब्बर अंतर सापडलं — गल्लीपलीकडे, भय्यासाहेबांची गॅलरी. मी मरेन, विचारणार नाही.

१ नोव्हेंबर
आजपासून नवा मध्य प्रदेश. मध्य भारत संपला, राजधानी भोपाळ, आणि भय्यासाहेबांची बदलीही तिथेच.
माईच समोर जाऊन विचारून आली! भिंत चाचपत, पण एकटी.
दिवेलागणीनंतर आमच्या ओट्यावर धोतर ताणलं, तिला पुढ्यात बसवलं. भय्यासाहेबांनी गॅलरीतून पहिला फोटो टाकला — नातू खाली डोकं, वर पाय! मी "उलटा!" म्हणून ओरडणार, तोच माई म्हणाली, "अगदी प्रकाशचं नाक. आणि हसतोय किती गोड!"
पोरगं भोकाड पसरून रडत होतं.
मी धोतर आणखी ताणून धरलं. भय्यासाहेबांनी चौदा फोटो दाखवले. एकही सुलटा केला नाही.

४ नोव्हेंबर
भय्यासाहेब सामान बांधत होते. हळूच म्हणाले, "माईंना आषाढापासून काहीच दिसत नाही. प्रकाशची पत्रं तुम्ही टोमणे घालून वाचता, म्हणून पुन्हा वाचून घ्यायला माझ्याकडे आणायच्या. म्हणाल्या, श्रीधरला सांगू नका. साप्ताहिकात लिहून टाकेल."
घरी आलो. त्यांची टेप घेतली. त्यांच्या उघड्या ट्रंकेत, कपड्यांखाली ठेवली.