बगळ्यांचा हंगाम आणि शेजारची खुर्ची

आयसेलिन, न्यू जर्सी
मे महिना, सोमवार

प्रिय यशोधन,

सप्रेम जय भीम. तू आणि मुलं मजेत असाल असं धरून चालतो. लतिकावहिनींच्या गुडघ्याची चौकशी मात्र केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑपरेशन जानेवारीत झालं, डॉक्टरांनी सहा आठवड्यांची विश्रांती सांगितली होती. एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीचा जो व्हिडिओ तू पाठवलास, त्यात वहिनी इंदोऱ्याहून संविधान चौकाकडे ज्या वेगानं निघालेल्या दिसतात (डोक्याला निळा फेटा, हातात झेंडा आणि मागे धापा टाकणारा तू), त्यावरून तो गुडघा माझ्या दोन्ही गुडघ्यांपेक्षा बरा आहे असं माझं मत झालं. वहिनींचं अभिनंदन कर. तुझी ताई त्यांच्या सेवेसाठी दोन महिन्यांकरता आली होती, एवढी फक्त आठवण देतो. बाकी मला काही सुचवायचं नाही.

इकडचं म्हणशील तर दीक्षा आणि जावईबापू नोकरीवर, रेणू शाळेत, मी सोफ्यावर आणि आमचा संघ तळाला. हे फोनवर का सांगत नाही असं विचारशील. तुमच्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि तुझी ताई फोनवर आली की विषय दोनच: रेणूनं डबा संपवला का, आणि मी बीपीची गोळी घेतली का. (दोन्हींचं उत्तर मी ‘हो’ देतो. एक खरं असतं.) त्यात बेसबॉलला जागा राहत नाही, म्हणून कागद घेतला.

तर आमचा संघ. त्याचं नाव रॅरिटन हेरन्स. हेरन म्हणजे बगळा. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या साखळीतला हा नव्हे, खालच्या पायरीवरचा, पण पोरं पगारी आहेत आणि वर जायला धडपडतात. मागच्या वर्षी आम्ही दोघं प्लॅटफॉर्मवर ठेवलेल्या सामानासारखे घरात बसून असतो हे बघून दीक्षानं आम्हाला रविवारच्या दुपारच्या सामन्यांच्या दोन जागा घेऊन दिल्या. मी क्रिकेटचा माणूस. पहिले तीन सामने मी स्टंप शोधण्यात घालवले. तुझ्या ताईला मात्र पाव तासात सगळं कळलं. कळणारच. मुलींच्या शाळेत उभा जन्म पी.टी. शिकवलं, सॉफ्टबॉलचा संघ विभागाला नेला. ती इथं पाहुणी म्हणून बसलीच नाही, तपासणीला आल्यासारखी बसली. मला ती समजावून सांगायची, आणि मी मुद्दाम दोनदा विचारायचो, कारण सॉफ्टबॉलबद्दल बोलताना ती मला ‘अहो’ म्हणायचं विसरून ‘अरे’ म्हणते, आणि ते मला आवडतं. (हे वाक्य वहिनींना वाचून दाखवू नको.)

आता हंगामाचा आढावा. एप्रिलच्या सुरुवातीपासून बगळे जवळजवळ रोज खेळतात आणि जवळजवळ रोज हरतात. बॅटिंग अशी की पोरं बॅट फिरवतात तेव्हा वारा चांगला सुटतो. क्षेत्ररक्षणाबद्दल बोलायचं तर उंच उडालेल्या चेंडूखाली तिघं धावत येतात, एकमेकांना ‘तू घे’ म्हणतात आणि चेंडू मधोमध पडतो. आपल्या वीज मंडळात तक्रारीचा कागद असाच पडायचा. पण मूळ दुखणं पिचरचं आहे. डिलन नावाचा डावखुरा पोरगा आहे, नेब्रास्का नावाच्या मुलखातला, बांबूसारखा उंच. चेंडू टाकताना त्याचा पुढचा खांदा वेळेआधी उघडतो आणि चेंडू वर जातो. हे त्याच्या प्रशिक्षकांना माहीत असेलच, पण गेल्या वर्षी तुझ्या ताईनं सामन्याआधी त्याला जाळीपाशी बोलावून हातवारे करून समजावलं होतं, आणि तेव्हापासून तो गडबडला की ती पहिल्या रांगेतून ओरडायची, “खांदा रे बाळा, खांदा.” तो वर बघायचा, हसायचा, खांद्यावर टिचकी मारायचा आणि पुढचा चेंडू सरळ जायचा. आमच्या मागच्या रांगेतले वॉल्टर आणि डोलोरेस, हे शाळेच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर आणि त्या त्यांच्या पत्नी, तेही ‘कांडा, कांडा’ करून ओरडायला लागले होते. या वर्षी त्याला आठवण करणारं कोणी नाही. मी एकदा प्रयत्न केला. माझा आवाज असा निघाला की पोलिस जवळ येऊन मला पाणी हवं का विचारून गेला, आणि डिलनचा पुढचा चेंडू समोरच्यानं थेट पार्किंगमध्ये मारला. तेव्हापासून मी गप्प असतो.

आता प्रसंग सांगतो. जागा दोन आणि मी एक. पहिल्याच रविवारी एक गृहस्थ आले, शेजारच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाले, कोणी बसलंय का. मी म्हटलं, माझी बायको आहे, येईल. ते बिचारे पायऱ्यांवर टेकले, हातात सॉसेजचं पाकीट घेऊन, की बाई आल्या की विचारू दुसरी जागा कुठे मिळते. सामना अर्धा झाला.

“बराच वेळ झाला, कुठे गेल्यात?” त्यांनी विचारलं.

“नागपूरला,” मी म्हणालो.

ते उठून गेले. पुढच्या वेळी मात्र भलतंच झालं. संघाचा एक बगळा असतो, म्हणजे आत माणूस, बाहेर पिसं आणि हातभर चोच. तो लोकांच्या गमती करत हिंडतो. तो आला आणि धपकन तुझ्या ताईच्या खुर्चीत बसला. मी नम्रपणे सांगितलं की ही जागा घेतलेली आहे. त्यानं मान हलवली आणि पंख माझ्या खांद्यावर टाकला. मी उभा राहिलो, त्याचा पंख धरला आणि त्याला उठवायला लागलो. हे सगळं मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं, ते मला ठाऊक नव्हतं. हजारो लोकांनी निवृत्त कनिष्ठ अभियंता सुभाष यांना एका बगळ्याशी झोंबताना पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. बगळा शेवटी उठला, पण चोचीखालून हळूच म्हणाला, “सॉरी सर.” पोरगा चांगला होता.

तेव्हा मागून वॉल्टर आजूबाजूच्यांना सांगत होता, तो ती खुर्ची बायकोसाठी राखतो.  डोलोरेसबाई पुढे वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, रत्ना केव्हा गेली. मी म्हटलं, जानेवारीत. म्हणाल्या, अचानक? मी म्हटलं, हो, एक फोन आला आणि आठवड्याभरात गेली. म्हणाल्या, फार त्रास झाला का. मी खरं ते सांगितलं, की पाय सुजले, पण दोहापर्यंत ठीक होती. (दोहाला विमान बदलतात, पण ते त्यांना हॉस्पिटल वाटलं असावं.) मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “शी इज इन अ बेटर प्लेस नाऊ.”

“यस,” मी म्हटलं. “ऊन जास्त आहे, पण जागा चांगली.”

हे बोलणं इथले लोक मेलेल्या माणसाबद्दल बोलतात, हे मला दीक्षानं रात्री जेवताना सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की डोलोरेसबाईंनी मला मिठी मारली आहे. आणि यशोधन, आता जे लिहितो त्याला हसू नको. जानेवारीपासून मला ‘ती नाही, तुला कसं वाटतं’ असं कोणी विचारलं नव्हतं. का विचारतील? ती गुडघ्याला गेली आहे, कायमची थोडीच गेली आहे. दीक्षा कामात, जावईबापू दिवसभर मीटिंगात, रेणू म्हणते, “आजी इज ऑन द फोन, आबा, शी इज राइट देअर.” त्या बाईंनी पाठीवर थोपटलं आणि मला खरंच रडू आलं. भर दुपारी, सातव्या डावात, आपण हरत असताना. शेजारच्या माणसानं मला आपला हातरुमाल दिला. दीक्षानं सांगितल्यावर घोटाळा कळला, पण एकदा असं रडून झाल्यावर, थांबा, बाई जिवंत आहेत असं परत जाऊन कुठल्या तोंडानं सांगायचं? तोंड होतं, इंग्रजी नव्हतं.

त्यानंतर संघ दोन आठवडे परगावी होता. मला वाटलं, लोक विसरतील. काल गेलो तर खुर्चीवर पांढरी फुलं. सामन्याच्या आधी डिलन जाळीपाशी आला, टोपी काढून छातीशी धरली आणि मला एक चेंडू दिला. त्यावर लिहिलं होतं, फॉर रत्ना. मग त्यानं खांद्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, “खांदा.” उच्चार अगदी शुद्ध, तुझ्या ताईसारखा, शेवटी थोडा दम दिल्यासारखा. ‘थँक यू’ म्हणालो. घरी येऊन दीक्षाला सांगितलं तर ती पोट धरून हसली, मग हसता हसता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकला.

तेव्हा उरलेल्या हंगामाविषयी माझा अंदाज असा. सप्टेंबरपर्यंत तग धरण्याइतका दम या संघात नाही. बॅटर सुधारतील, पण पिचरच्या खांद्याला वेळच्या वेळी हाक मारणारं माणूस लागतं, आणि ते माणूस सध्या तुमच्या घरी वडीभात रांधतं आहे. शिवाय माझ्या अब्रूचा प्रश्न आहे. तुझी ताई चालत येऊन त्या खुर्चीत बसलेली चारचौघांनी पाहिल्याशिवाय मला त्या मैदानात ताठ मानेनं शेंगा खाता येणार नाहीत. हे निव्वळ संघाच्या हितासाठी लिहितो आहे. माझं काय, माझं बरं चाललं आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकलो.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना आणि त्यांच्या गुडघ्याला नमस्कार.

तुझा,
सुभाष

ता. क. हे पत्र ताईला दाखवू नको. पण जेवणाच्या टेबलावर, तिचा चष्मा जिथे असतो त्याच्या आसपास विसरलास तर तुला कोणी बोल लावणार नाही.

दुसरा ता. क. पत्र अजून इथेच आहे. जावईबापूंनी टपालात टाकायला नेलं आणि गाडीत ठेवून विसरले. मधल्या काळात एक अडचण उभी राहिली. बगळे जिंकायला लागले आहेत. त्या दिवसापासून सगळ्या खेळाडूंनी बाहीवर छोटा ‘आर’ लावला आहे, आणि तेव्हापासून ते जवळजवळ हरलेलेच नाहीत. उंच चेंडूखाली आता एकच जण येतो. वॉल्टर म्हणतो, रत्ना वरून बघते आहे. म्हणजे वरचा माझा सगळा आढावा चुकला, आणि ताईची गैरहजेरी हेच संघाचं बळ ठरलं. आता ती धडधाकट येऊन बसली तर पोरांचं काय होईल, आणि मला या राज्यात राहता येईल का, याचा विचार केला पाहिजे. घाई करू नका. तिला म्हणावं, वहिनींचा दुसरा गुडघाही बघून घे.

तिसरा ता. क. काल डिलननं सबंध सामना टाकला. खांदा एकदाही उघडला नाही. शेवटचा चेंडू इतका खाली, इतका कोपऱ्यात गेला की समोरचा नुसता बघत राहिला. एवढा सुंदर सामना मी पाहिलेला नाही. घरी येऊन सांगायला लागलो. दीक्षा म्हणाली, छान. जावईबापू म्हणाले, ग्रेट, बाबा. रेणूनं आयपॅड मागितला. मी थोडा वेळ गॅलरीत बसलो आणि मग हे पाकीट पुन्हा उघडलं.

यशोधन, वरचा ता. क. खोडला असं समज. बगळे पुन्हा हरले तरी चालतील. रत्नाला पाठव.