चोळीआडची गाठ

११ जानेवारी १९५७

उजवीकडे गाठ आहे. आंघोळ करताना हाताला लागली. बोराएवढी, खालच्या बाजूला. दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली — आहेच. पाणी थंड झालं तरी न्हाणीतच बसून राहिले. बाहेरून हे म्हणाले, "काय वं, बाजाराले उशीर करतं का आज?"

मेथीच्या जुड्या बांधायच्या होत्या. बांधल्या.

१२ जानेवारी

आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. बायका हळदीकुंकवाला आल्या. मी वाकून तिळगूळ देत होते आणि डोक्यात किन्हीराजा गावची माझी मावशी. तिलाही अशीच होती. तिनं कोणाला सांगितलं नाही. पदर ओला दिसायला लागला तेव्हा घरात कळलं. मग गोठ्याशेजारी तिची बाज टाकली, वास येतो म्हणून. लिंबाच्या पाल्याचा तो धूर अजून माझ्या नाकात आहे.

मला सत्तेचाळीस झाली. दिवाळीपासून पाळी आली नाही. बाहेर बसणं सुटलं, बरं झालं, असंच वाटलं होतं. आता भर थंडीत अंगातून वाफ निघते. गोधडी फेकते, घाम गार झाला की परत ओढते. अंग माझंच, पण कोणा दुसरीचं घेऊन वावरते आहे असं वाटतं.

१७ जानेवारी

यांच्याविषयी लिहायला हात धजत नाही. पण कोणाशी बोलू?

गेलं वर्षभर जवळ आले की मला दुखतं. कोरडं कोरडं, जळजळ. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मीच दिवा लवकर मालवायची. आता मनात काही उठतच नाही, आणि उठलं तरी अंग साथ देत नाही. मी दात दाबून पडून राहते. त्यांना कळतं का, ठाऊक नाही.

आणि आता ही गाठ. काल त्यांचा हात चोळीकडे आला. मी झटकला — जोरात झटकला. ते कूस वळवून झोपले. आज दिवस मावळताच घोंगडी खांद्यावर टाकली. "वांग्यात डुकरं येऊन राह्यली. राखणीले जातो."

डुकरं आलेली नाहीत. मी सकाळी सगळे वाफे पाहिले.

१९ जानेवारी

जाऊबाईंना सांगितलं. माझ्या थोरल्या जाऊ, हौसाबाई. भाऊजी गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून आमच्याच चुलीवर आहेत. कांद्याला पाणी देत होत्या. त्यांनी फावडं थांबवलं नाही.

"वयाचं आहे ते. पाळी गेली का बाईच्या अंगात गाठी येतेतच. आपोआप जिरते."

"मावशीची नाही जिरली."

"तुही मावशी वेगळी. कोनाले सांगू नोको अन् सारखी चाचपू नोको. जिरते म्हनलं ना."

इतक्या खात्रीनं बोलल्या की दुपारभर मला खरंच बरं वाटलं.

२२ जानेवारी

जिरली नाही. मोठी झाली आहे — की मलाच वाटतं? आता दुखतेही. गाठोडं डोक्यावर चढवताना कळ येते. हे पाच दिवस झाले मळ्यातच झोपतात. घरी येतात, जेवतात, बैलांशी माझ्यापेक्षा जास्त बोलतात.

लेकीला केनवडला निरोप धाडावा का? काय सांगू?

२५ जानेवारी

दुपारी भाकर घेऊन गेले तर हे विहिरीच्या काठावर बसलेले. मोट सुटलेली, बैल सावलीत. भाकर हातात घेतली, खाल्ली नाही.

"एक विचारू? मी म्हातारा झालो म्हनून किळस येते का तुले माही?"

एवढ्या वर्षांत त्यांनी असं काही विचारलं नव्हतं. मी चोळीची गाठ सोडली, त्यांचा हात धरला आणि तिथं ठेवला. उघड्या मळ्यात, भर उन्हात.

त्यांची बोटं थांबली.

"कवापासून?"

"संक्रांतीच्या आदीपासून."

"अन् तू मले हाकलून देत व्हती." डोळे पुसले, उपरण्यानं नाही, मातीच्या हातानं. "सोमवारी अकोल्याले जाऊ. तिथं बाई डाक्टर आहे म्हनतेत."

संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, "मी बी येतो. आत मानूस चालत नाई. बाईसंगं बाई पायजे."

२८ जानेवारी

अकोल्याहून परतलो. आधी गाठीचंच लिहिते — पाणी होतं. नुसतं पाणी!

डॉक्टरीण माझ्याहून लहान, चष्मेवाली. हे बाहेर बाकावर, जाऊबाई आत माझ्याजवळ उभ्या. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू तपासल्या, काखेतही बोटं घातली. मग सुई टोचली. हिरवट पिवळं पाणी नळीत आलं आणि गाठ बसली. मी पाहत होते, तरी विश्वास बसेना.

"या वयात पाळी जाताना अशा पाण्याच्या गाठी होतात," त्या म्हणाल्या. "दुधाचा भाग आटतो, छाती सैल पडते, हेही वयाचंच. पण गाठ लागली की दाखवायची. वयाची आहे म्हणून बसायचं नाही. दगडासारखी कडक, जागची न हलणारी, वरची कातडी आत ओढणारी, ती वाईट. ती बहुतेक वेळा दुखतही नाही, म्हणून बायका गप्प राहतात."

जाऊबाईंनी विचारलं, "अशी असली तं मंग काय करतेत?"

"लवकर आली तर कापून काढतो. बाई वाचते."

मला वाटलं, माझ्या मावशीवरून विचारलं.

मग मी दुसरंही विचारून टाकलं. मान खाली घालून. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पाळी गेली की आतला ओलावा कमी होतो, म्हणाल्या, पुष्कळ जणींना होतं, त्यात बाईचा दोष नाही आणि नवऱ्याचाही नाही. खोबरेल लावा. घाई करू नका. दुखलं तर दुखतं म्हणून सांगा. ओढ कमी होते, उशिरा येते, पण संपलीच असं समजू नका. महिन्यानं पुन्हा दाखवायला या.

बाहेर आले तर हे उभेच होते. काही नाही, अशी मी नुसती मान हलवली. ते बाकावर बसले आणि काही वेळ उठलेच नाहीत.

गाडीत त्यांनी केळी घेतली. मी खाल्ली. जाऊबाईंनी खाल्ली नाहीत. गाडी लागते म्हणाल्या.

१ फेब्रुवारी

हे घरी झोपतात.

आज बाजारातून त्यांनी वांग्याची रिकामी टोपली आणली, तिच्यात खोबरेलाची बाटली. कोणी पाहू नये म्हणून वर पालेभाजीचा पाला टाकलेला. मी पाहिलं आणि हसले, तेही हसले. मग दोघंही लाजलो. आम्ही! नातवंडं यायच्या वयात.

३ फेब्रुवारी

दुखलं तेव्हा मी दुखतं म्हणाले. ते थांबले. पुष्कळ वेळ नुसते बोलत पडलो — कांद्याचं, लेकीचं, भाऊजींचं. पूर्वीसारखं काही झालं नाही. पण मला झोप लागली, शांत, त्यांच्या हातावर.

गाठ परत भरली तर? आज दोनदा चाचपली. नाही.

६ फेब्रुवारी

जाऊबाईंनी आज मला कांद्याच्या खोपीत बोलावलं आणि पाठमोऱ्या होऊन चोळी सोडली. डावीकडे. दगडासारखी. वरची कातडी आत ओढलेली. दोन वर्षं झाली म्हणतात.

"तुह्यं पाहाले तुहा नवरा व्हता, गिरजे. माह्यं कोन पाहाते?"

उद्या पहिल्या गाडीनं निघतो.