लाल ठिपक्याची चावी

मी, श्रीमती फ्रान्सिस्का बाबुश लुद्रिक, वय वर्षे शहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार तोंडवली, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, विहीर आणि मागचे अकरा माड मुलगा अ‍ॅलन व मुलगी जॉयसी यांना निम्मे निम्मे. अकराव्या माडावरून भांडू नये. त्याला नारळ धरत नाहीत.

२. बँकेतली ठेव, माझे दफन उरकून उरेल ती, नातू रॉयडन याच्या शिक्षणासाठी.

३. माझ्या पतीची हत्यारांची पेटी शेजारच्या गुरुप्रसादला. त्यातली मोठी पकड २०११ पासून त्याच्याकडेच आहे. आता पेटीही न्यावी, म्हणजे पकडीला सोबत होईल.

४. गाडी माझी सून, अ‍ॅलनची पत्नी ग्लिनिस, हिला एकटीला. या गाडीची हकिकत नोंदवणे मला भाग आहे.

माझे पती बाबुश यांनी बत्तीस वर्षे एसटी चालवली आणि निवृत्तीनंतर मडगावच्या एका गृहस्थांची वापरलेली गाडी घेतली. त्या गृहस्थांनी गाडी सुरू करायचे कुलूप बिघडले म्हणून तेवढे नवे बसवलेले. त्यामुळे दाराची चावी वेगळी आणि इंजिनाची वेगळी, दिसायला मात्र दोन्ही सारख्या. बाबुशनी जॉयसीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका इंजिनाच्या चावीला लावला आणि दोन्ही एकाच कडीत घातल्या. ग्लिनिसला गाडी त्यांनीच शिकवली. "मागे पन्नास पॅसिंजर बसलेत, असा समजान चालव गो," म्हणायचे.

२०१९ मध्ये डॉक्टरांनी त्यांचे हृदय तपासून गाडी चालवायला मनाई केली. बाबुश मात्र मी चर्चमध्ये मिस्साला गेले की आचऱ्यापर्यंत फेरी मारून येत. म्हणून मी ठिपक्याची चावी काढून कोकमाच्या सोलांच्या बरणीमागे लपवली. दाराची राहू दिली, कारण नुसते गाडीत बसायलाही मिळाले नसते तर तो माणूस खचला असता. हे मी कोणालाच सांगितले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी मी चर्चमध्ये असताना त्यांच्या छातीत कळ आली. ग्लिनिस कडी घेऊन धावली, दार उघडले, त्यांना आत बसवले, आणि गाडी सुरू करायला चावी नाही. रिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. ते वाटेतच गेले. घरातल्या गर्दीत मी चावी गुपचूप कडीत परत अडकवली. संध्याकाळी शेजारच्या राधाबाईंनी ती कडी पाहिली आणि म्हणाल्या, "दोनय चावयो हयच आसत. सून गोंधाळली." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

त्यानंतर ग्लिनिसने गाडीला हात लावलेला नाही. अ‍ॅलन जहाजावरून सुट्टीला येतो तेव्हा तोच काय ती फिरवतो. पुढे डॉक्टर मला म्हणाले की लवकर पोचूनही फरक पडला नसता. ते वाक्य मी सहा वर्षे एकटीने वापरले, ग्लिनिसला कधी दिले नाही.

चूक माझी होती. ग्लिनिसची कणभरही नव्हती. साक्षीला मी राधाबाईंनाच बोलावले आहे, आणि सहीआधी त्यांनी हे कलम मोठ्याने वाचायचे आहे. वकील तन्वी म्हणतात, अशी अट कायद्यात बसत नाही. माझ्या घरात बसते.

५. (हे हाताने लिहिले आहे.) मेल्यावर माफी मागता येत नाही, हे टाईप झाल्यावर सुचले. म्हणून आज सकाळी ग्लिनिसला कलम ४ वाचायला दिले. ती मासळी साफ करत होती. हात धुऊन बसली आणि दोनदा वाचले.

"मांय, माका म्हायत होता," ती म्हणाली. "मी धावत गेलंय तेव्हा कडीत एकच चावी होती. सांजेक दोन दिसल्यो."

मी विचारले, "मगे बोललंस कित्याक नाय?"

"तुमचो घोव गेलेलो. त्येच्यात आणखी ह्या सांगान काय करू?"

"आणि गाडी कित्याक सोडलंस?"

"तुमका तिचो आवाज आयकाक येव नये म्हणान."

मी खूप रडले. तिने माझे तोंड आपल्या ओढणीने पुसले, ओढणीला बांगड्यांचा वास होता, म्हणजे मासळीच्या.

तेव्हा कलम ४ मध्ये ही दुरुस्ती: गाडी माझ्या पश्चात नव्हे, आजपासूनच ग्लिनिसची. सह्या झाल्या की ती मला बाबुशच्या थडग्याकडे नेणार आहे. मी तिच्या शेजारी, पुढे बसणार आहे.

वरील मजकूर मी वाचला, पटला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: फ्रान्सिस्का बाबुश लुद्रिक

साक्षीदार:
१. राधाबाई खवणेकर (कलम ४ मोठ्याने वाचले. 'ग्लिनिसची कणभरही नव्हती' हे दोनदा.)
२. शिवा पराडकर, निवृत्त पोस्टमन

ठिकाण: तोंडवली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५